नेटवर्क मार्केटिंगची बदनामी आणि प्रामाणिक विक्रेत्यापुढील वाट

नेटवर्क मार्केटिंगला महाराष्ट्रात बोलताना 'चेन मार्केटिंग' किंवा नुसते 'चेन सिस्टीम' म्हणतात. या व्यवसायाविषयी समाजात असलेला अविश्वास केवळ गैरसमजातून आला आहे, असे त्यातील मंडळी सांगत असतात, आणि तो दूर करण्यासाठी सेमिनार, प्रेरणादायी भाषणे व यशोगाथा यांवर मोठी शक्ती खर्च केली जाते. वस्तुतः या अविश्वासाचा बराचसा भाग अनुभवातून आलेला आहे; मेहुण्याच्या आग्रहाखातर 'जॉइन' होऊन ज्याने हजारो रुपयांचा माल उचलला आणि ज्याला त्यातला एकही डबा पुढे विकता आला नाही, त्या माणसाचा गैरसमज झाला आहे असे म्हणता येत नाही. त्यामुळे या क्षेत्रात सचोटीने माल विकू इच्छिणाऱ्याची अडचण प्रचाराने सुटणारी नसते. आपण आणि फसवणूक करणारा यांतला फरक ग्राहकाला बाहेरून दिसावा कसा, ही त्याची खरी अडचण असते, आणि तिचे उत्तर शोधण्यासाठी ही बदनामी मुळात कोठून आली हे आधी पाहावे लागते.

कायमस्वरूपी दुकानाविना, विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत माल ग्राहकापर्यंत पोहोचवण्याला 'थेट विक्री' म्हणतात, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील व्याख्याही याच आशयाची आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सचे विक्रेते व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारोदार फिरत, ती साधी थेट विक्री होती, कारण विक्रेत्याची कमाई त्याने विकलेल्या यंत्रांशी बांधलेली होती. नेटवर्क मार्केटिंगमध्ये या कमाईला दुसरी कमाई जोडली जाते: विक्रेता नव्या माणसांना विक्रेता म्हणून सामील करून घेतो, त्यांच्या आणि त्यांनी आणलेल्या माणसांच्या खरेदीवरही त्याला हिस्सा मिळतो, आणि या खालच्या फळीला 'डाउनलाइन' व वरच्या फळीला 'अपलाइन' म्हटले जाते. खरेदीचे मोजमाप रुपयांऐवजी बहुधा 'पीव्ही' किंवा 'बीव्ही' अशा गुणांत केले जाते, ज्यामुळे आपण नेमके किती रुपये घातले आणि किती मिळवले याचा साधा हिशेब नवख्याला चटकन लागत नाही.

ही पद्धत अमेरिकेतून आली. तेथे 'न्यूट्रिलाइट' नावाची जीवनसत्त्वांची पूरके विकण्यासाठी १९४५ च्या सुमारास बहुस्तरीय कमिशनाची योजना आखली गेली. रिच डेव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे दोघे १९४९ मध्ये तिचे वितरक झाले आणि दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, मिशिगन राज्यातील एडा येथे त्यांनी 'ॲमवे' स्थापन केली. त्याच काळातील 'टपरवेअर'चा इतिहास मात्र वेगळे काही शिकवतो. अर्ल टपर यांचे हवाबंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे दुकानात फारसे खपत नव्हते, कारण ते झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे कोणी करून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळत नसे. ब्राउनी वाइज यांनी घरगुती मेळाव्यांत ते करून दाखवायला सुरुवात केल्यावर विक्री इतकी वाढली की १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला. घरी येऊन विकणाऱ्या माणसाची गरज मालालाच असेल तेव्हा थेट विक्रीला आर्थिक अर्थ असतो, हे या उदाहरणातून दिसते. साध्या टूथपेस्टला असा अर्थ शोधणे अवघड आहे, आणि भारतातील नेटवर्क कंपन्यांच्या यादीत टूथपेस्ट हमखास सापडते. नव्वदच्या दशकात ओरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर आणि ॲमवे यांनी भारतात पाय रोवले, आणि त्यांच्या पाठोपाठ याच भाषेत बोलणाऱ्या पण वेगळाच धंदा करणाऱ्या असंख्य योजना आल्या.

बदनामीचे पहिले मूळ गणितात आहे. 'तुम्ही फक्त सहा जण आणा, ते सहा-सहा आणतील' हे फळ्यावर किंवा रुमालावर काढून दाखवले जाणारे चित्र अनेकांनी पाहिलेले असते. सहा या आकड्याने गुणत गेल्यास सहाव्या पायरीवर ४६,६५६ माणसे लागतात, दहाव्या पायरीवर ६,०४,६६,१७६, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ११.२४ कोटी असलेल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक, आणि अकराव्या पायरीवर ३६ कोटींच्या वर. माणसे संपतात, हा आक्षेप सर्वांना ठाऊक असतो. त्याहून महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की साखळी कोणत्याही पायरीवर थांबली तरी त्या क्षणी एकूण सदस्यांपैकी जवळपास सहात पाच, म्हणजे सुमारे ८३ टक्के, सर्वांत खालच्या थरात असतात आणि त्यांच्या खाली कोणीही नसते. खालून दुसरा थर धरला तर त्यातल्या माणसांना प्रत्येकी सहाच जण लाभलेले असतात. यात कोणाच्याही आळसाचा किंवा 'निगेटिव्ह' विचारांचा संबंध नाही. आकृतीचा आकारच तसा आहे.

प्रत्यक्षात साखळी अशी नीटनेटकी वाढत नाही आणि एका दिवसात कोसळतही नाही, कारण दरमहा जितके नवे येतात जवळपास तितकेच जुने गप्प बसून बाहेर पडतात. ही गळती हेच बदनामीचे खरे यंत्र आहे. बँक बुडाली की ठेवीदार एकत्र येऊन मोर्चा काढतात; येथे तोटा हजारो घरांत थोडा थोडा वाटला जातो, प्रत्येकाला तो आपल्याच अपयशासारखा वाटतो, आणि ज्या नातेवाइकाने जॉइन केले त्याच्याविरुद्ध तक्रार करणे प्रशस्त वाटत नाही. तक्रार नोंदवली जात नाही, पण लग्नाच्या पंगतीत ती बोलली मात्र जाते. अमेरिकेतील एएआरपी फाउंडेशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नेटवर्क मार्केटिंगमध्ये भाग घेतलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी आपल्याला तोटा झाल्याचे, २७ टक्क्यांनी ना नफा ना तोटा आणि २५ टक्क्यांनी नफा झाल्याचे सांगितले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०२४ मध्ये सत्तर कंपन्यांची उत्पन्नपत्रके तपासली, तेव्हा बहुसंख्य सहभागींची वर्षभराची कमाई हजार डॉलर किंवा त्याहून कमी असल्याचे आढळले. आणि त्या पत्रकांपैकी बहुतेकांत विक्रेत्याचा स्वतःचा खर्च वजा केलेला नव्हता.

दुसरे मूळ कायद्याच्या इतिहासात आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या १९७५ मधील शिफारशींनंतर 'प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट, १९७८' हा कायदा झाला. त्यातील 'मनी सर्क्युलेशन स्कीम' म्हणजे पैसा फिरवण्याची योजना. झटपट किंवा विनासायास पैसा मिळवण्याचे आश्वासन आणि ते सदस्य नोंदवण्याच्या घटनेवर अवलंबून असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती योजना बेकायदा ठरते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संचयिता प्रकरणात लावला. मालाची देवाणघेवाण होत असली की योजना या कायद्यातून आपोआप सुटते, असे मात्र नाही. जुलै २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेची योजना या कायद्याच्या कक्षेत येते असे म्हटले, २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी कंपनीच्या भारतातील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अटक केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पिरॅमिड पद्धतीने फसवणूक केल्याचा आरोप ठेवून तिची ७५७.७७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. या क्षेत्रातील सर्वांत ओळखीच्या नावाबाबत हे घडत असताना छोट्या विक्रेत्याला 'आमची कंपनी लीगल आहे' हे एवढे एकच वाक्य पुरत नाही, यात आश्चर्य नाही. मुंबईच्या वाचकांना २०११ मधील 'स्पीक एशिया' प्रकरणही आठवत असेल: ११,००० रुपये वर्गणी भरायची, इंटरनेटवर सर्वेक्षणे भरून पैसे मिळवायचे आणि नवे सदस्य आणल्यावर अधिक मिळवायचे, अशी ती योजना होती व तिच्याविरुद्ध मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला. त्या योजनेत विकण्यासारखा माल जवळजवळ नव्हताच, तरी तिची झळ खरोखर माल विकणाऱ्यांनाही बसली, कारण सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्हींचे बाह्य रूप एकच होते: हॉटेलातला हॉल, सूट घातलेला वक्ता आणि वर्तुळांचे चित्र.

अमेरिकेत या दोहोंतली रेषा आखण्याचे काम आधी झाले होते. 'कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी' या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीविरुद्धच्या १९७५ च्या निर्णयात फेडरल ट्रेड कमिशनने पिरॅमिडची खूण सांगितली: माणूस पैसे भरतो ते माल विकण्याच्या हक्कासाठी, आणि त्याला बक्षीस मिळते ते नवी माणसे आणण्याबद्दल, ज्याचा अंतिम ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसतो. १९७९ मध्ये ॲमवेच्या प्रकरणात याच कसोटीवर कंपनी पिरॅमिड नाही असा निर्णय झाला आणि त्यात तिचे तीन नियम निर्णायक ठरले. न खपलेला माल परत घेणे, आधीचा सत्तर टक्के माल विकल्याशिवाय नवी मागणी न स्वीकारणे, आणि दरमहा दहा वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री केल्याचा पुरावा मागणे, असे ते नियम होते. याच निर्णयात कंपनीने किंमती ठरवून दिल्याबद्दल आणि कमाईची फुगवलेली आश्वासने दिल्याबद्दल तिला दोषीही धरले होते, हे तिचे प्रचारक सांगायचे विसरतात. नियम कागदावर असणे आणि पाळले जाणे यांत अंतर पडते, हे २०१६ मध्ये 'हर्बलाइफ' प्रकरणात पुन्हा दिसले. त्या तडजोडीत कंपनीला वीस कोटी डॉलर भरावे लागले आणि विक्रेत्यांना मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश भाग नोंद ठेवता येईल अशा किरकोळ विक्रीवर आधारावा लागला.

भारतात २०१६ मध्ये केंद्राने राज्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी 'ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१' अधिसूचित झाले. थेट विक्रीच्या आडून पिरॅमिड किंवा पैसा फिरवण्याची योजना चालवण्यास कंपनी आणि विक्रेता या दोघांनाही त्यांत मनाई आहे. नियमांतील बऱ्याच अटी कंपनीसाठी आहेत: भारतात नोंदणीकृत कार्यालय असणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत देणे आणि ती सर्वसाधारणपणे एका महिन्यात सोडवणे. विक्रेत्यासाठीच्या अटी त्याहून बोलक्या आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही. बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकायला आणि कशासाठी आलो आहोत हे स्पष्ट सांगायचे. किंमत, पैसे परत मिळण्याच्या अटी व विक्रीनंतरची सेवा यांची पूर्ण माहिती द्यायची. कंपनीच्या दाव्यांशी विसंगत दावे करायचे नाहीत. 'सहज चहाला आलो होतो' असे म्हणून सुरू होणारी आणि तासाभराने लॅपटॉप उघडून 'प्लॅन दाखवण्यात' संपणारी भेट, जी या व्यवसायाची जवळजवळ खूणगाठ बनली आहे, ती या नियमांखाली सरळसरळ नियमभंग ठरते, आणि ही गोष्ट विक्रेत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

यापुढचा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विक्रेत्याला मालाचा दर्जा माहीत असतो आणि खरेदीदाराला नसतो, तेव्हा खरेदीदार सगळ्याच मालाला सरासरी किंवा त्याहून कमी भाव देऊ लागतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नसल्याने चांगले विक्रेते बाजार सोडतात, आणि मागे खराब माल उरतो. याला माहितीची विषमता म्हणतात. नेटवर्क मार्केटिंगमध्ये ही विषमता दुहेरी असते, कारण पूरक आहाराची पावडर किती उपयोगी आहे हे ग्राहकाला कळत नाही आणि 'संधी' म्हणून जे मांडले जाते ती किती फायद्याची आहे हे तर त्याहून कळत नाही. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये या कोंडीची दुसरी बाजू मांडली: प्रामाणिक माणसाला स्वतःविषयी संकेत द्यायचा असेल तर तो असा हवा की जो देणे अप्रामाणिक माणसाला परवडणार नाही. या दोघांना, जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह, २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'माझ्यावर विश्वास ठेवा' हे शब्द प्रामाणिक आणि लबाड या दोघांनाही सारखेच स्वस्त पडतात, म्हणून त्यांना संकेताचे मूल्य नसते. सेमिनार, व्हॉट्सॲपवरचे सुविचार आणि परदेशवारीची छायाचित्रे यांचेही तेच आहे. उलट, ज्यांना विकण्यासारखे दुसरे काही नसते तेच त्यांचा सर्वाधिक वापर करतात, आणि त्यामुळे ही साधने वापरणारा प्रामाणिक विक्रेता स्वतःहून चुकीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मग लबाडाला न परवडणारे असे काय असते? पहिली गोष्ट म्हणजे विक्री आणि भरती यांची फारकत. जो विक्रेता ग्राहकाला माल दाखवताना व्यवसायाची संधी या विषयाला हातच घालत नाही, आणि ग्राहकाने स्वतः विचारल्यास त्यासाठी वेगळा दिवस देतो, त्याची कमाई अल्पकाळात कमी होते. भरतीवर जगणाऱ्याला हे एक महिनाही करता येणार नाही. येथे विमा एजंटाशी तुलना उपयोगी आहे, कारण तोही नातेवाइकांपासूनच सुरुवात करतो आणि पूर्वी लोक त्यालाही पाहून दार लावून घेत. परंतु पॉलिसी घेणाऱ्याला तो 'आता तुम्हीही एजंट व्हा' असे म्हणत नाही, आणि पॉलिसी न पटल्यास ती ठरावीक मुदतीत परत करण्याची सोय ग्राहकाला असते. ग्राहकाला ग्राहकच राहू देणे, ही एकच गोष्ट या दोन व्यवसायांच्या प्रतिमेत मोठा फरक करून जाते.

दुसरी गोष्ट कागदाची. प्रत्येक विक्रीची पावती, तिच्यावर स्वतःचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, माल परत करण्याची मुदत, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक: तक्रार कोठे करायची हे स्वतःच्या हाताने लिहून देणारा विक्रेता ग्राहकाच्या हातात आपल्याविरुद्धचे साधन देत असतो, आणि म्हणूनच त्याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा खोल होतो. याच्या जोडीला साखळीबाहेरच्या ग्राहकांची वही ठेवावी. ज्यांनी सदस्य न होता माल घेतला आणि तो संपल्यावर पुन्हा मागवला, त्यांची संख्या हे या व्यवसायाच्या आरोग्याचे सर्वांत प्रामाणिक माप आहे. कॉस्कॉट आणि हर्बलाइफ या दोन्ही प्रकरणांत शेवटी प्रश्न तोच होता. एखाद्या होतकरूने 'यात किती मिळते' असे विचारले, तर अपलाइनच्या धनादेशाचे छायाचित्र दाखवण्याऐवजी विक्रेत्याने स्वतःची बारा महिन्यांची खरेदी, विक्री, प्रवासखर्च, सेमिनारची तिकिटे आणि हाती राहिलेली रक्कम एका पानावर मांडावी. रक्कम लहान असेल तर लहान दिसू द्यावी. महिन्याला दोन-तीन हजारांची जोडकमाई हे आकर्षक स्वप्न नसले तरी ते खरे असेल, तर पुरेशा माणसांना ते पुरेसे असते.

आरोग्याच्या दाव्यांबाबत तर सचोटी आणि कायदा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मधुमेह, रक्तदाब किंवा कर्करोग बरा होतो असा प्रचार करणाऱ्यांसाठी 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज (ऑब्जेक्शनेबल ॲडव्हर्टाइझमेंट्स) ॲक्ट, १९५४' हा जुना कायदा आहे, आणि त्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी केलेली घोषणाही येते, हे अनेकांना नवल वाटेल. पूरक आहाराच्या डब्यावर ते औषध म्हणून वापरण्यासाठी नाही अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. आणि अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डब्यावर एक लिहिलेले असताना बैठकीत 'आमच्या एका मेंबरची इन्सुलिन बंद झाली' असे सांगितले जाते तेव्हा तो केवळ अतिशयोक्तीचा प्रकार राहत नाही, कारण ऐकणारा खरोखर औषध सोडू शकतो. प्रामाणिक विक्रेत्याने डब्यावरची ती सूचना स्वतःहून वाचून दाखवावी आणि चालू औषधांबाबत डॉक्टरांना विचारण्यास सांगावे. काही विक्री हातची जाईल, आणि जी टिकेल ती तक्रारीविना टिकेल.

तिसरा विषय नात्यांचा, आणि महाराष्ट्रातील बदनामीचा सर्वांत हळवा भाग हाच आहे. समाजशास्त्रज्ञ निकोल बिगार्ट यांनी १९८९ मधील आपल्या पुस्तकात दाखवले की थेट विक्री संस्था कुटुंब व मैत्री यांना बाजूला न सारता त्यांनाच व्यवसायाचे साधन बनवतात. आपल्याकडे हळदीकुंकू, भिशी, सोसायटीची बैठक, शाळेतील पालकसभा हे सर्व असे तयार जाळे आहे, आणि त्यात होणारी पहिली खरेदी बहुधा गरजेपोटी न होता भिडेखातर होते. भिडेखातर घेतलेल्या मालाला दुसरी ऑर्डर नसते, पण विक्रेत्याच्या वहीत ती पहिली ऑर्डर यशासारखी दिसते आणि तो फसतो. जेथे अधिकाराचे नाते असते तेथे हा दोष अधिक गंभीर होतो: शिक्षकाने पालकांना, डॉक्टरने रुग्णांना किंवा साहेबाने हाताखालच्यांना माल विकणे म्हणजे नकाराची सोय नसलेल्या माणसाला विकणे होय. शासकीय कर्मचाऱ्यांबाबत तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करण्यास मनाई आहे, आणि पत्नीच्या नावाने आयडी काढून स्वतः प्लॅन दाखवत फिरण्याची प्रथा त्या नियमाच्या हेतूला बगल देणारीच आहे. नातेवाइकांना विकूच नये असा याचा अर्थ नाही. परंतु त्यांना नकार देणे सोपे करून ठेवावे, म्हणजे समारंभात विषय काढू नये, नमुना देऊन निघून यावे, दुसऱ्यांदा विचारू नये, आणि न वापरलेला डबा परत घेताना कारण विचारू नये. ज्या घरात एकदा नकार दिल्यावरही जाणे-येणे पूर्वीसारखे राहिले, त्या घरातून पुढे मागणी येण्याची शक्यता उरते. ज्या घरातील माणसे फोनवर नाव पाहून तो उचलत नाहीत, तेथे विक्री आणि नाते दोन्ही संपलेले असतात.

हे सर्व करूनही एका मर्यादेपलीकडे विक्रेत्याची सचोटी निरुपयोगी ठरते, आणि ती मर्यादा किमतीची आहे. अनेक थरांत वाटले जाणारे कमिशन शेवटी मालाच्या किमतीतूनच येते. आपण जाहिरातीचा, घाऊक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा खर्च वाचवतो व तोच विक्रेत्यांना वाटतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो तत्त्वतः चुकीचा नाही आणि सुदैवाने तपासताही येतो: डब्यावरील घटकद्रव्ये व वजन पाहून प्रति शंभर ग्रॅम किंमत काढावी आणि किराणा दुकानात किंवा औषधाच्या दुकानात त्याच घटकांचा माल काय भावाने मिळतो ते पाहावे. सदस्यत्वाची सवलत व कमिशनाची आशा वजा केल्यावर, त्या किमतीला परका माणूस तो माल घेईल का, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ग्राहक दिसतात ते खरे ग्राहक नसून कमाईच्या आशेने खरेदी करणारे सदस्य असतात, आणि अशा रचनेत सर्वांत सच्चा विक्रेताही सर्वांत परिणामकारक भरती-एजंट बनतो, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. कंपन्यांना अशी माणसे हवी असतात, याचे कारणही हेच आहे.

म्हणून कंपनीची निवड हाच प्रामाणिक विक्रेत्याचा पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय ठरतो. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वैध रचनेच्या ज्या खुणा दिल्या होत्या त्या आजही तपासण्याजोग्या आहेत: प्रवेशशुल्क नसणे, भरतीबद्दल मोबदला नसणे, वाजवी मुदतीत खपेल त्याहून अधिक माल घेण्याची सक्ती नसणे, लेखी करार असणे, करार विनादंड रद्द करण्यासाठी काही काळ मिळणे आणि न विकलेला माल परत घेण्याची तरतूद असणे. यातील शेवटची अट बोलण्यावर न सोडता लहान ऑर्डरवर आधीच करून पाहावी. एक डबा परत पाठवून पैसे किती दिवसांत आणि किती कपात होऊन येतात हे पाहिले की करारातील इतर कलमांचा अर्थ लावणे सोपे जाते. दरमहा गुण टिकवण्यासाठी स्वतःच माल घ्यावा लागत असेल आणि सहा महिन्यांनंतरही साखळीबाहेरचे ग्राहक पुन्हा मागणी करत नसतील, तर उरलेला माल परत करून करार संपवणे हा व्यवसायाचाच एक भाग मानला पाहिजे. अपलाइन अशा वेळी चिकाटीचे धडे देते, आणि त्या धड्यांचा खर्चही बहुधा सेमिनारच्या तिकिटातून वसूल केला जातो. बाहेर पडणाऱ्याने आपण ज्यांना सामील करून घेतले त्यांनाही आपला हिशेब दाखवून लेखी कळवावे, आणि ते लगेच कळवावे, कारण माल परत करण्याची मुदत सर्वसाधारणपणे प्रत्येकाच्या खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते.